हरेश्वर पागधरेची ऑर्गॅनिक

पालघर स्टेशनच्या फलाटावर सकाळच्या गाडीला सातपाटीच्या मासेवाल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असत. त्यांच्या बाजूला सहसा कुणी उभं राहत नसे. कचेरीत जाणारी माणसं तर नाकाला रुमाल लावून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जात. पण एका सकाळी मी उलटं पाहिलं. त्या सगळ्या बायका टोपल्या उचलून एका मुलापासून लांब सरकत होत्या. मुलगा सावळा, उंच, खाकी पँट आणि धुवट पांढरा सदरा घातलेला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर कसला तरी थेंब सांडला होता आणि त्याचा वास अर्ध्या फलाटावर पसरला होता.

एका म्हातारीने पदर नाकाला लावून विचारलं, "मेल्या, काय कुजवलंस खिशात?"

मुलगा जराही न ओशाळता म्हणाला, "मावशी, लोणी हाय. खवट लोण्यातला नुस्ता वास वेगळा काढलाय."

"मंग लोणी ठेव नि वास टाक," म्हातारी म्हणाली.

बायका हसल्या, तोही हसला. गाडी आली तेव्हा त्याच्या डब्यात ऐसपैस जागा होती. हा हरेश्वर पागधरे. सांडलं होतं ते ब्युटिरिक ॲसिड. आम्ही एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होतो, आणि केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत त्याची जागा माझ्या शेजारी होती.

साठ सालानंतरची ती वर्षं. पालघरला तेव्हा कॉलेज नव्हतं. सायन्स शिकायचं तर मुंबई गाठावी लागे. मी पालघरातच राहणारी, स्टेशन दहा पावलांवर. हरेश्वर खाडीपलीकडच्या मुरबे गावचा. सकाळी माणसं नेणाऱ्या होडीतून खाडी ओलांडून सातपाटीला यायचं, तिथून मिळेल त्या वाहनाने पालघर आणि मग गाडी. पावसाळ्यात ती होडी बंद झाली की तो पालघरला आत्याकडे राही. वर्गात बाकीचे आम्हा मुलींना मिस अमकी, मिस तमकी म्हणत. हरेश्वर मला पहिल्या दिवसापासून, माझ्या आडनावावरून, 'सावेबाय' म्हणाला. मुंबईची मुलं त्यावर हसत. त्याने ते कधी मनावर घेतलं नाही आणि बदललंही नाही.

त्याच्या खिशात नेहमी छोट्या कुप्या असत. करमरकर सर आमचे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचे प्राध्यापक. प्रयोग संपल्यावर उरलेसुरले थेंब, चिमटी चिमटी पूड ते हरेश्वरला देत. कुठल्या कुपीजवळ नाक न्यायचं आणि कुठल्या कुपीला हातही लावायचा नाही, हे दरडावून सांगत. गाडीत बसला की तो डोळे मिटून एकेक बूच उघडी. नायट्रोबेंझीन म्हणजे बुटाचं पॉलिश. फिनॉल म्हणजे सरकारी दवाखाना. बेंझाल्डिहाइड म्हणजे कडू बदाम. अशी त्याची स्वतःची यादी तयार होत होती आणि ती त्याला तोंडपाठ होती.

एकदा सर वर्गात शिकवत होते की अमीन्सना माशासारखा वास असतो. हरेश्वर उठून उभा राहिला.

"सर, कुठला मासा?"

वर्गात हशा पिकला. तो मात्र गंभीर होता. ताज्या पापलेटाला वास नसतोच म्हणाला. वाळल्या बोंबलाचा वेगळा, शिळ्या कोळंबीचा वेगळा, जाळ्यात मेलेल्या मुशीचा तर फारच वेगळा. करमरकर सरांना तो प्रश्न आवडला असावा. त्यांनी प्रयोगशाळेतले अमीन त्याच्यापुढे ठेवले आणि त्यालाच उत्तर शोधायला सांगितलं. पुढच्या तासाला त्याने निकाल दिला: ट्रायमिथिल अमीन हा खरा मासा, पण दोन दिवसांचा. ॲनिलीनला मासा म्हणणाऱ्याने मासा खाल्लेला नाही. सर हसता हसता खुर्चीत बसले.

हा त्याचा छंद आहे, असंच मी बरेच दिवस समजत होते. मग एक दिवस आम्ही दोघं शेजारी शेजारी फेरिक क्लोराइडची परीक्षा करत होतो. थेंब पडताच माझ्या नळीत सुरेख जांभळा रंग आला. त्याच्याही आला. आमच्या प्रयोगवहीत 'काय दिसलं' असा एक रकाना असे. तिथे त्याने लिहिलं: 'रंग बदलला. कोणता झाला ते मला सांगता येत नाही.' मला वाटलं, थट्टा करतोय. डेमॉन्स्ट्रेटरने ते वाक्य लाल शाईने खोडलं आणि वर 'जांभळा' असं लिहिलं. हरेश्वरने वही परत घेतली आणि खाली पुन्हा तेच वाक्य लिहिलं.

त्या दिवशी गाडीत त्याने मला सगळं सांगितलं. इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या, वर्षी टायट्रेशनला त्याचा आकडा दर वेळी चुके. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या द्रावणाचा रंग पालटला की थांबायचं, एवढंच काम. सगळे थांबले तरी हा सोडतच राही. डेमॉन्स्ट्रेटर त्याला धांदरट म्हणत. शेवटी करमरकर सरांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी एक ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि यातला आकडा वाच म्हणाले. "मी म्हटलं, आकडा कुठे हाय? नुस्ते ठिपके हायेत." निळा, पिवळा त्याला नीट दिसत. लाल, हिरवा आणि तपकिरी हे सगळे त्याला एकाच घरातले भाऊ. गडद जांभळा आणि निळाही त्याला एकच, आणि फिके जांभळट-हिरवट दोन्ही नुसते करडे.

घरी जाऊन त्याने वडिलांना ते सांगितलं. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. दर्यात एकमेकांच्या होड्या निशाणावरून ओळखतात. हरेश्वर लहान असताना वडील त्याला बरोबर नेत आणि लाल निशाण दिसलं की सांग म्हणत. तो दर वेळी भलत्याच होडीकडे बोट दाखवी. पोराचं ध्यान नाही म्हणून त्याने तेव्हा बराच मार खाल्ला. अखेर हा होडीवर काही कामाचा नाही असं ठरलं आणि त्याची रवानगी शाळेत झाली. शाळेत हुशार निघाला, हा पुढचा योगायोग. डॉक्टरांचं म्हणणं ऐकल्यावर वडिलांच्या हातातली जाळ्याची गाठ अर्धीच राहिली. मग म्हणाले, "म्हंजे मी तुला उगाच मारलं." एवढंच. तेव्हापासून हरेश्वरच्या शिक्षणाबद्दल घरात कुणी उणा शब्द बोलला तर ते जेवण टाकून उठत.

करमरकर सरांनी त्याला गणित किंवा फिजिक्स घे असं परोपरीने सांगितलं होतं. ऑर्गॅनिकच्या प्रॅक्टिकलमध्ये समोर एक अनोळखी पूड येते आणि ती काय आहे ते ओळखायचं असतं. त्यातल्या निम्म्या परीक्षा रंगांच्या. हरेश्वरने एकच विचारलं, रंग न दिसणाऱ्याने केमिस्ट्री घेऊ नये असा युनिव्हर्सिटीचा नियम आहे का? नियम नव्हता. मग त्याने अर्जावर केमिस्ट्री लिहिली.

"पण केमिस्ट्रीच का?" मी विचारलं.

तेव्हा त्याने नायलॉनच्या जाळ्याची गोष्ट सांगितली. लहानपणापासून त्याने घरी सुती जाळी पाहिली होती. झाडाच्या सालींचा काढा करायचा, त्यात जाळी उकळायची, वाळवायची, तरी ती खाऱ्या पाण्यात कुजायचीच. सगळ्या घराचे हात त्या काढ्याने काळे. मग एका वर्षी गावात नायलॉनचं जाळं आलं. सगळे त्याला हात लावून बघत होते. कुजत नाही, काढा लागत नाही, हाताला हलकं. "सगळे म्हणाले, चांगला धागा निघाला. मी म्हटलं, निघाला कुठून? कापसाचा नाय, तागाचा नाय. कुणीतरी बाटलीत केलाय. तो बाटलीत कसा केला ते मला समजलं पायजे. गणितात ते सांगतात का?"

त्याने मग रंगाला वगळून जाणारी आपली वाट आखायला घेतली. ॲसिड असेल तर सोड्याबरोबर फसफसतं, ते दिसतं आणि ऐकूही येतं. अल्डिहाइड असेल तर नळीच्या आत चांदीचा आरसा धरतो. ब्रोमीनचं पाणी घातल्यावर पांढरा साका बसला, तर तो दिसतो. पूड कुठल्या अंशाला वितळते ते थर्मामीटर सांगतो. आणि उरलेलं नाक. आम्ही एका रंगावर जे दोन मिनिटांत ओळखत असू, त्याला तिथवर पोचायला अर्धा तास लागे. सगळे मुलगे हात धुऊन कँटीनला गेले तरी हा बर्नरपुढे बसलेला असे. "वाट लांबची हाय," तो म्हणे, "पण तिथंच जाते."

परीक्षा जवळ आली तसं मला राहवेना. प्रॅक्टिकलला आमच्या जागा शेजारीच असणार होत्या. मी त्याला म्हटलं, मी नळीकडे बघून नुसती खोकेन. लालला एकदा, हिरव्याला दोनदा. कुणाला कळणार नाही आणि हे काही उत्तर सांगणं नव्हे, जे तुम्हाला डोळ्यांनी दिसायला हवं होतं तेवढंच.

गाडीत बसल्या बसल्या त्याने हातातल्या कुपीचं बूच घट्ट बसवलं. मग म्हणाला, "तुमी सांगाल ते बरोबरच असंल, सावेबाय. पण मग पास कोण झालं?"

परीक्षेला मी खोकले नाही.

त्या वर्षी तो नापास झाला. लेखी पेपरात चांगले गुण होते, प्रॅक्टिकलला गेला. त्याची वाट चुकली नव्हती. वेळ संपला तेव्हा तो शेवटच्या आदल्या पायरीवर होता आणि उत्तराची जागा कोरी होती. शिपाई नळ्या गोळा करायला आला तरी त्याने बर्नर लगेच बंद केला नाही. थर्मामीटरकडे बघत होता. मग उठला, नळ्या धुतल्या, बाक फडक्याने पुसला.  पालघरला गाडीतून उतरताना म्हणाला, "हात हळू चालतात. हात सुधारता येतात."

मी पास झाले आणि पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. हरेश्वर वर्षभर मुरब्यात होता. त्या वर्षाची हकीकत मला त्याच्या आईकडून कळली. ती पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकायला येई, आणि मी त्याच्या कॉलेजातली हे समजल्यापासून मला दोन बोंबील जास्तच घाली. सकाळी पोरगा बापाबरोबर जाळी ओढायला जातो, दुपारी घरामागच्या झावळ्यांच्या झापात काचेच्या नळ्या घेऊन बसतो, असं तिने सांगितलं. घड्याळ समोर ठेवून तेच तेच करत बसतो. तिच्या एका पातेल्यात त्याने खोबरेल तेल तापवून, वितळण्याचा अंश बघायला, डांबराच्या गोळ्या वितळवल्या होत्या, ते पातेलं तिने खाडीत फेकलं.

ते दारूबंदीचे दिवस होते. झापातून धूर निघतो, नळीतून थेंब गळतात, एवढं गावात पसरायला वेळ लागला नाही. एके दिवशी हवालदार आला.

"मला म्हनला, तुजा पोरगा भट्टी लावतो," आई सांगत होती. "मी म्हनलं, लावतो खरा. पन कसली लावतो ते मलाबी कळत नाय. जा, तूच बग नि मलाबी सांग."

हवालदार झापात शिरला. चुलीवर डबा उकळत होता, काचेच्या नळीतून थेंब गळत होते. हरेश्वर गवती चहाचं तेल काढत होता. कॉलेजच्या पुस्तकातली कृती, पण माल परसातला. हवालदाराने बाटली नाकाला लावली, बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. मग त्याने हरेश्वरला हे सगळं काय आहे ते समजावून सांगायला लावलं. हरेश्वरने मन लावून समजावलं. इतकं मन लावून, की हवालदार चहाही न घेता निघाला. जाताना डोकेदुखीसाठी थोडं तेल मात्र घेऊन गेला, आणि पुढे महिन्याकाठी नेत राहिला.

"सगळे सांगतात, बाय, त्याचं शिकनं आता पुरे कर," आई शेवटी म्हणाली. "पन त्याचा बाप ऐकत नाय. आनि आता मीबी ऐकत नाय."

दुसऱ्या खेपेच्या परीक्षेची हकीकत करमरकर सरांनी मला सांगितली. मी काही कामाने कॉलेजात गेले होते, तर त्यांनी मला बोलावून बसवूनच घेतलं. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. हरेश्वरला मिळाली एक फिकट पूड. हात आता झरझर चालत होते. पूड फिनॉलच्या जातीची हे त्याने वेळेच्या बरंच आधी शोधलं. बीटा नॅफ्थॉल, असं उत्तरही लिहिलं. परीक्षक तोंडी विचारायला आले. नॅफ्थॉल दोन प्रकारचे, आल्फा आणि बीटा. फेरिक क्लोराइड घातलं की एक जांभळट रंग देतो, दुसरा हिरवट. सगळी मुलं रंगावरूनच सांगतात.

परीक्षकांनी त्याची फेरिक क्लोराइड घातलेली नळी उचलून विचारलं, कोणता रंग आला?

"मला सांगता येत नाही, सर. मला जांभळट-हिरवट वेगळं दिसत नाही."

परीक्षकांनी नळी खाली ठेवली. रंग दिसत नाही, तर बीटा कशावरून लिहिलं? हरेश्वरने वितळण्याचा अंश दाखवला. परीक्षक म्हणाले, तो पुस्तकातून पाठ करता येतो, मला आत्ता पटवून दे. हरेश्वरने चिमूटभर पूड नळीत घेतली, त्यात मिथिल अल्कोहोल घातलं, वरून सल्फ्युरिकचे थेंब, आणि पाण्यात धरून तापवली. करमरकर सर लांब उभे राहून बघत होते.  थोड्या वेळाने त्याने नळी पाण्यात ओतली आणि ते भांडं परीक्षकांपुढे सरकवलं.

"पपनसाची फुलं, सर," तो म्हणाला. "आल्फाला हा वास येत नाही. दोन्ही करून बघितलेत."

परीक्षकांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग शेजारच्या परीक्षकांना बोलावून त्यांनाही घ्यायला लावला. जाता जाता त्यांनी हरेश्वरला विचारलं, की हे सगळं करायला रंगापेक्षा वेळ किती लागतो? त्याने खरं ते सांगितलं. परीक्षक म्हणाले, चालेल.

हरेश्वर दुसऱ्या वर्गात पास झाला. निकाल लागला त्या दिवशी त्याची आई बाजारात आली नव्हती. तिची जागा रिकामी बघून ती आज गावात साखर वाटत असणार, हे मला कळलं.

मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्याने त्याला मुलाखतीला बोलावलं. त्याने खुर्चीत बसण्याआधीच डोळ्यांचं सांगून टाकलं. त्यांनी चहा दिला आणि परत पाठवलं. नायलॉनच्या एका गिरणीनेही नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. मग बोईसरजवळच्या नवापूरच्या बाजूला एका नव्या शाळेत वरचे वर्ग सुरू झाले आणि तिथे तो विज्ञान शिकवायला लागला. शाळेत प्रयोगशाळा नव्हती. पहिल्या वर्षी तो वर्गाला गवती चहाचं तेल काढायला लावतो, असं कानावर आलं. पुढे माझं लग्न झालं, पालघर सुटलं, आणि गाठभेट राहिली नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते साठचं दशक सरता सरता, बोईसर स्टेशनबाहेर. एका नात्यातल्या लग्नाला आले होते. ओळखीचं बोईसर राहिलं नव्हतं. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामासाठी देशभरातली माणसं आली होती, जिकडेतिकडे हिंदी ऐकू येत होती, दगड आणि सिमेंट भरलेल्या लॉऱ्या धुरळा उडवत चालल्या होत्या. त्या गर्दीत एक माणूस डोक्यावर लाकडी पेटारा घेऊन ताठ मानेने येताना दिसला. पेटाऱ्याच्या फटींतून गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या. एक हमाल त्याच्याबरोबर चालत सांगत होता, "भाईसाब, बस के ऊपर डाल देता हूँ, आराम से जाओ."

"नहीं. फूटेगा," हरेश्वर म्हणाला.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने मान न हलवता फक्त डोळे खाली केले आणि मला ओळखलं.

"सावेबाय. थांबत नाय, रागवू नका. ब्युरेटी हायेत, कंडेन्सर हाय. तीन वरसं मागत होतो, आता मिळालं."

मी विचारलं, नवापूरपर्यंत चालत जाणार का?

"रस्ता खराब हाय. बस आदळते. पाय आदळत नायत."

एवढं बोलून तो पुढे झालाही. रस्ता अरुंद होता. मागून दगडांनी भरलेली एक लॉरी आली आणि भोंगा वाजवायला लागली. कडेला उतरण आणि खडी होती. हरेश्वरने मागे पाहिलं नाही, पावलांची घाई केली नाही, खाली उतरला नाही. लॉरीवाल्याने आणखी दोनदा भोंगा वाजवला. मग लॉरीच हळू झाली, आणि वळणापर्यंत त्याच्या मागून चालत राहिली.